मुदतवाढीवरचा संसार

आठवीच्या वर्गात फाळणीचा धडा मी दरवर्षी शिकवते. दोन तासिकांत तो संपतो. रेषा आखली गेली, दंगली झाल्या, लाखो माणसे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेली, एवढे सांगून पुस्तक पुढच्या धड्याकडे वळते. मागे एका मुलीने हात वर करून विचारले, "टीचर, ज्यांची मंगनी झाली होती आणि नवरा त्या बाजूला राहिला, त्यांचे निकाह झाले की मोडले?" मी म्हटले, काही मोडले, बरेचसे झाले. तिचा पुढचा प्रश्न सरळ होता. "मग त्या बायका कुठे राहिल्या?"

त्या दिवशी मी तिला घाईत काहीतरी उत्तर दिले. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, कारण अशी एक बाई माझ्या शेजारीच राहते. आम्ही तिला कराचीवाली चाची म्हणतो. कॉलेजात असल्यापासून तिचे अर्ज मी लिहीत आले. तिला उर्दू वाचता येते, बोलते ती आमच्यासारखीच कोकणी. पण सरकारी कागद मराठीत किंवा इंग्रजीत असतो. त्यामुळे मुदत संपत आली की रेक्झिनची काळी पिशवी घेऊन ती आमच्या ओट्यावर येऊन बसे. त्या पिशवीत निकाहनामा, पासपोर्ट, चाचाचे रेशनकार्ड, हमीपत्र, फोटो आणि अगोदरच्या सगळ्या अर्जांच्या पोहोचपावत्या असत. निकाहनामा एकच होता. बाकीचे कागद दर वर्षी वाढत जात.

कोकणातल्या मुलीचे वा मुलाचे लग्न कराचीत जमते याचे परप्रांतीय वाचकांना नवल वाटेल. वस्तुतः त्यात नवल काही नाही. १९३६ सालापर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धनकडच्या माणसाला कराची म्हणजे त्याच समुद्रावरचे आणखी एक बंदर. गोदीत, जहाजावर, खाणावळीत काम मिळे, म्हणून लोक जात. फाळणीच्या वेळी काही तिथेच राहिले, काही नंतर गेले. कराचीत कोकणी मुसलमानांची 'कोकण सोसायटी' आजही आहे. आपल्याकडे सोयरीक शक्यतो भाऊबंदांत, मामे-चुलत नात्यांत करण्याची रीत. नाती दोन देशांत वाटली गेली तरी रीत काही वाटली गेली नाही. परिणामी फाळणीनंतर चार दशके उलटली तरी खालाच्या मुलीला इकडे आणणे आणि फूफीच्या घरी मुलगी देणे चालूच राहिले.

निकाह दोन साक्षीदारांसमोर काही मिनिटांत होतो. नवऱ्याच्या घरी राहण्याचा हक्क मात्र सरकारच्या कागदाने मिळतो, आणि तो कागद जवळजवळ नेहमीच 'तात्पुरता' असतो. तो कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

फाळणीनंतर पहिले अकरा महिने दोन्ही देशांत ये-जा करायला कागद लागत नव्हता. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने वटहुकूम काढून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिटची पद्धत सुरू केली. दंगलीत जीव मुठीत घेऊन गेलेले अनेक मुसलमान, विशेषतः दिल्ली आणि उत्तर प्रदेशातले, घरी परतू लागले होते, आणि त्यांच्या घरांत पंजाब-सिंधमधून आलेले निर्वासित राहत होते. दोघांनाही घर हवे होते. सरकारने परतणाऱ्यांसाठी दार अरुंद केले. त्याच वर्षी पाकिस्ताननेही तसेच केले. परमिट निरनिराळ्या प्रकारचे होते. तात्पुरत्या भेटीचे वेगळे, कायमच्या परतीचे वेगळे. तात्पुरते लवकर मिळे, कायमचे मुश्किलीने. मग माणूस काय करणार? जे मिळते ते घेणार. वझिरा झमीनदार यांनी 'द लाँग पार्टिशन' (२००७) या ग्रंथात या परमिटांचा आणि दुभंगलेल्या कुटुंबांचा इतिहास मांडला आहे. फाळणी ऑगस्ट १९४७ मध्ये संपली नाही, ती पुढे कितीतरी वर्षे दफ्तरांतून होत राहिली, हे त्यातून दिसते.

दीड वर्षाने राज्यघटना आली आणि परमिट थेट घटनेत जाऊन बसले. अनुच्छेद ७ सांगतो की १ मार्च १९४७ नंतर जी व्यक्ती पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतरित झाली ती भारताची नागरिक मानली जाणार नाही. अपवाद फक्त कायमच्या परतीचे किंवा पुनर्वसनाचे परमिट घेऊन आलेल्यांचा. हा अपवादसुद्धा संविधान सभेतल्या काही सदस्यांना नको होता. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यावर बरीच खडाजंगी झाली. अखेर तो राहिला. पण तात्पुरत्या परमिटवर आलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती.

याचा अर्थ एखाद्या बाईच्या आयुष्यात काय होतो, हे सईदा खातून यांच्या खटल्यात दिसते. हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना 'बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग' या नावाने ठाऊक असतो. बाईचे नाव त्यात मागे पडले आहे. गयेच्या एका राजघराण्यातील महाराजकुमारांची ही पत्नी. जुलै १९४८ मध्ये ती कराचीला गेली. औषधोपचारासाठी गेले होते, असे तिचे म्हणणे. परमिटची पद्धत सुरू झाली तो हाच महिना. डिसेंबर १९४८ मध्ये ती परत आली, पण तात्पुरत्या परमिटवर. मुदत संपली तशी एप्रिल १९४९ मध्ये तिला पुन्हा कराचीला जावे लागले. मे १९५० मध्ये ती कायमच्या परतीचे परमिट घेऊन आली. दोन महिन्यांत ते रद्द झाले, कारण देताना बिहार सरकारची संमती घेतली नव्हती. दरम्यान तिची मालमत्ता देश सोडून गेलेल्यांची म्हणून कस्टोडियनने ताब्यात घेतली होती. पाटण्याच्या उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. सरकार वर गेले आणि १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

तिच्या वकिलांचा मुद्दा असा होता की पती भारतात आहे, पत्नीचे अधिवास पतीच्या अधिवासाबरोबर जाते, म्हणून ती भारतीयच. न्यायालयाने म्हटले की विवाह वैध आहे असे मानले तरीही उपयोग नाही, कारण अनुच्छेद ७ हा अनुच्छेद ५ च्या वरचढ आहे. आणि ती पाकिस्तानात स्थलांतरित झाली होती याचा पुरावा काय? पुराव्यात तिचे ते तात्पुरते परमिटच आले. त्यात ती पाकिस्तानची रहिवासी म्हणून नोंदलेली होती. घरी लवकर पोहोचावे म्हणून जो कागद तिने घेतला, त्याच कागदाने हे घर तिचे नाही असे ठरवले. हा खटला मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला चाचीच्या पिशवीची आठवण झाली. पोहोचपावत्या जपून ठेवणाऱ्या बाईला त्यातली कोणती पावती उद्या तिच्याविरुद्ध वाचली जाईल हे कसे कळावे?

न्यायालये नेहमी सरकारच्याच बाजूने गेली असे नाही. १९५४ मध्ये आपल्याच मुंबई राज्यातून गेलेल्या इब्राहिम वझीर मावत यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परमिट कायद्याचे सातवे कलम रद्द केले. परमिटचा नियम मोडल्याच्या नुसत्या संशयावरून भारतीय नागरिकाला देशाबाहेर घालवता येणार नाही, असा तो निकाल होता. पण तोपर्यंत परमिटचा कायदाच इतिहासजमा झाला होता. १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसा आले. परमिटवरचा 'तात्पुरता' शब्द व्हिसावर गेला.

१९५५ चा नागरिकत्व कायदा सुरुवातीला बायकांच्या बाबतीत उदार होता, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या स्त्रीला नोंदणीने नागरिकत्व देण्याची तरतूद त्याच्या पाचव्या कलमात होती आणि तिला ठरावीक वर्षे वास्तव्याची अट नव्हती. अर्थात नोंदणी करणे न करणे सरकारच्या हातात होते. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्री' ऐवजी 'व्यक्ती' हा शब्द आला, तो चांगलाच झाला. पण त्याबरोबर पाच वर्षे भारतात राहिल्याची अटही आली. २००३ च्या दुरुस्तीने, जी डिसेंबर २००४ पासून लागू झाली, पाचाची सात वर्षे झाली. शिवाय अर्ज करण्यापूर्वीचे सलग बारा महिने देश सोडलेला नसावा. या बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारला २०१५ मध्ये मिळाला. पूर्वी तीही नव्हती.

सात वर्षे ती राहणार कशाच्या आधारावर? इथेच एलटीव्ही, म्हणजे लाँग टर्म व्हिसा येतो. नवरी येते ती नातेवाइकांना भेटण्याच्या व्हिसावर, एक-दोन-तीन महिन्यांच्या. त्या व्हिसावर गावांची नावे लिहिलेली असतात, तेवढ्याच गावांत जायचे. पोहोचल्यावर पोलिसांत नोंद करायची. मग नवऱ्याच्या जिल्ह्यात एलटीव्हीचा अर्ज करायचा. तो जिल्ह्यातून राज्याकडे, राज्याकडून दिल्लीला जातो, वाटेत चौकश्या होतात. मूळ व्हिसा तोपर्यंत संपतो. मग अर्ज प्रलंबित आहे म्हणून मुदतवाढ मागायची. मंजूर झाला तरी तो काही काळापुरताच, पुन्हा नूतनीकरण. म्हणजे आधी अर्जाच्या उत्तराची वाट पाहायची आणि उत्तर आले की पुढच्या अर्जाची तयारी करायची. २०१४ पासून हे अर्ज ऑनलाइन झाले. चाचीसारखीला त्याने ओटा बदलून सायबर कॅफेचे बाकडे मिळाले असते, एवढेच.

एलटीव्हीसाठी पात्र कोण, हेही पाहावे. पाकिस्तानातील अल्पसंख्याक समाजांचे लोक. भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या पाकिस्तानी स्त्रिया. आणि मूळच्या भारतातल्या, तिकडे लग्न करून गेलेल्या, पण वैधव्यामुळे किंवा तलाकमुळे परतलेल्या, तिकडे आधाराला कोणी पुरुष नसलेल्या स्त्रिया. यात भारतीय बाईच्या पाकिस्तानी नवऱ्याचे नाव नाही. मुलीने सासरी जायचे आणि मुलगा घरी राहायचा, ही आपल्या घरातली समजूत सरकारनेही जशीच्या तशी उचललेली दिसते.

चाची १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. ती सांगे की लग्नाआधी तिला एवढेच सांगितले होते, "वहाँ अपनेच लोक आहेत." व्हिसाबद्दल कोणी बोलले नव्हते. इथे मला आपल्या लोकांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. दहेज किती, वलीम्याला माणसे किती, याची बोलणी आपण रात्र रात्र करतो. मुलगी कोणत्या कागदावर येणार आणि तो कागद दर वर्षी कोण वाढवून आणणार, हे बोलणीत नसते. मी अशी घरे पाहिली आहेत जिथे सुनेचा पासपोर्ट सासूच्या कपाटात आहे आणि मुदत कधीच संपलेली आहे. मुदत संपली की ती कायद्याने बेकायदा राहणारी ठरते. त्याचा फटका तिच्या मुलालाही बसतो. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरण्यासाठी आई-वडिलांपैकी एक नागरिक असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आहे. बापाने आईचा अर्ज वेळेवर केला नाही, तर मुलाचे नागरिकत्वच अडचणीत येऊ शकते. आणि नवऱ्याने तलाक दिला किंवा तो मेला, तर हमीपत्रावर सही कोणाची? सरकारला दोष देताना एवढे आपल्या पदरात घेतले पाहिजे.

चाचा सुदैवाने तसा नव्हता. तो जिल्ह्याच्या ठिकाणी दर खेपेला तिच्याबरोबर जाई, एसटीने, सकाळच्या पहिल्या गाडीने. तरीही एका नूतनीकरणाच्या वेळी तिचा पाकिस्तानी पासपोर्ट संपला होता. तो नवा करायला दिल्लीला त्यांच्या हायकमिशनकडे पाठवावा लागला. पासपोर्ट येईपर्यंत फाइल परत आली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मधल्या काळात तिचे वडील कराचीत वारले. कराची आमच्या किनाऱ्यावरून आहे तरी किती दूर! पण १९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोखरापारचा रेल्वेमार्ग बंद पडला तो २००६ मध्ये थार एक्सप्रेस सुरू होईपर्यंत बंदच होता. रेल्वेने जायचे तर दिल्ली, अटारी, लाहोर आणि तिथून खाली कराची, असा उलटा घास. १९९० च्या दशकाच्या मध्यात कराचीतली भारताची वकालतही बंद झाली, त्यामुळे तिकडच्या माणसाला व्हिसासाठी इस्लामाबाद गाठावे लागे. चाचीला यातले काहीही आडवे आले नसते, ती गेली असती. आडवे आले ते बारा महिने. नागरिकत्वाचा अर्ज करायला थोडे महिने उरले होते. गेली असती तर परत येण्याची परवानगी मिळेल की नाही याची खात्री नव्हती, आणि मिळाली तरी सलग वास्तव्य तुटून मोजणी नव्याने सुरू झाली असती. तिने घरातच कुरआनखानी केली. आम्ही मुली सिपारे वाचायला गेलो होतो. ती स्वयंपाकघरात दाराला टेकून बसली होती आणि आलेल्या बायकांना सांगत होती, "मी गेले तर माझी मुले इथे, न गेले तर अब्बा तिथे."

तिला नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले तेव्हा तिचा धाकटा मुलगा बारावीत होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी नवा व्हिसा करार केला. त्यात दुसऱ्या देशातील पती किंवा पत्नी असणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा देण्याची तरतूद होती. ती वाचून आमच्याकडे काही घरांत पेढे वाटले गेले होते. प्रत्यक्षात हा करार कागदावरच अधिक राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये समझोता आणि थार या दोन्ही गाड्या बंद झाल्या.

मग एप्रिल २०२५ आला. २२ तारखेला पहलगाममध्ये २६ निरपराध माणसांना ठार मारण्यात आले. त्या कृत्याचा निषेध कोणत्या शब्दांत करावा? दोन दिवसांनी भारत सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केल्याचे जाहीर केले. वैद्यकीय व्हिसांना २९ तारखेपर्यंत मुदत दिली. एलटीव्ही या आदेशातून वगळला होता. म्हणजे प्रश्न फक्त एकच उरला: अर्ज मंजूर झालेला की प्रलंबित?

मंजूर झालेल्या बहुतेक सुना घरी राहिल्या. ज्यांचा अर्ज दफ्तरात होता त्या अटारीच्या रस्त्याला लागल्या. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका जवानाची पत्नी त्यांच्यात होती. अल्प मुदतीच्या व्हिसावर आलेली, तो संपलेला, एलटीव्हीचा अर्ज केलेला. उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ती सरहद्दीवरून माघारी आली. दुसऱ्या एका वृद्ध महिलेची गोष्ट याहून कठीण आहे. साडेतीन दशकांहून अधिक काळ ती जम्मूत नवऱ्यासोबत राहिलेली. तिचा एलटीव्ही जानेवारीत संपत होता आणि नूतनीकरणाचा अर्ज तिने मुदतीच्या आतच केला होता. उत्तर आलेले नव्हते. तिला सरहद्दीपलीकडे पाठवण्यात आले. जूनमध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तिला परत आणा, असा आदेश दिला. नंतर केंद्राने तिला अभ्यागत व्हिसा देण्याची तयारी न्यायालयात दाखवली. म्हणजे इतक्या वर्षांच्या संसारानंतर ती स्वतःच्या घरी पाहुणी म्हणून येणार होती.

त्याच दिवसांत अटारीवर आया आणि मुले वेगळी झाली, कारण आईचा पासपोर्ट एका देशाचा आणि मुलाचा दुसऱ्या देशाचा होता. देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी व्हावी याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे उशिराबद्दल आहे. अर्जाला वेळेत 'हो' किंवा 'नाही' म्हटले असते, तर त्या वृद्ध महिलेला त्या आठवड्यात गाडीत बसावे लागले असते का? उशीर दफ्तराचा आणि शिक्षा अर्जदाराला, हे १९४८ पासून चालले आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचे जुने चार कायदे जाऊन नवा एकच कायदा लागू झाला. त्यात मुदतीपेक्षा जास्त राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड आहे. अर्जाचा निकाल लावायला उशीर करणाऱ्या दफ्तराला काय, ते मला त्यात दिसले नाही.

त्या एप्रिलमध्ये एका रात्री, टीव्हीवर अटारीची दृश्ये चालू असताना, चाचीच्या मुलाने मला हाक मारली. चाची कपाटासमोर जमिनीवर बसली होती. रेक्झिनची पिशवी उलटी करून तिने सगळे कागद चटईवर मांडले होते. मी म्हटले, "चाची, तुमचे केव्हाच झाले आहे. तुम्ही इथल्या नागरिक आहात, तुमचे मतदानाचे कार्डसुद्धा आहे." तिने मान डोलावली. तरी प्रमाणपत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, "जरा वाचून बघ, यावर कुठे तारीख तर नाही ना?" मी ते वरपासून खालपर्यंत दोनदा वाचून दाखवले. दिल्याची तारीख होती. संपण्याची नव्हती.